मामा अजून घाटातच!

‘‘विमान पहाटे साडेपाचला उतरतंय आणि मुहूर्त आहे दुपारी बारा दहाचा. मधे चांगले साडेसहा तास आहेत! अहो वन्सं, काळजी कसली करता? तुमच्या आधी मांडवात हजर असू आम्ही!’’

फोनवर मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. मैत्रिणींनो, ती ऐट मला किती महागात पडली, ते आज तुम्हांला सांगायचं आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी-सुना आता परदेशात आहेत. बाळंतपणाला, नातवंडांना सांभाळायला तुम्ही जाता, आणि इकडे घरचं कार्य निघालं की धावत परत येता. ‘तिकीट मिळालं ना, मग झालं’ असंच आपल्याला वाटतं. तसं नसतं!

ही गोष्ट २०१८ सालची. आमची लेक जर्मनीत असते. तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं तीन महिने तिच्याकडे होतो. इकडे पुण्यात वन्संच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं, एप्रिल अखेरच्या शनिवारी. वन्संना भाऊ एकच, म्हणजे आमचे ‘हे’. म्हणजे नवरीचे एकुलते एक मामा! आपल्याकडे लग्नात मामाचा मान काय असतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. मुलगी गौरीहरापाशी बसलेली असते, अंतरपाट धरलेला असतो, आणि गुरुजी पुकारतात, ‘‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे.’’ त्या क्षणासाठी ह्यांनी जरीकाठी धोतर घेऊन ठेवलं होतं. अष्टपुत्रीची पिवळी साडी तर आम्ही जाण्याआधीच वन्संच्या स्वाधीन केली होती.

बाळ लहान, लेक एकटी, म्हणून निघणं होता होता शेवटच्या दिवसावर आलं. आखाती देशात विमान बदलून येणारं तिकीट स्वस्त पडलं, ते घेतलं. मुंबईला पहाटे साडेपाच. पुढे पुणे काय, तीन तासांचा रस्ता!

आता ऐका, ते साडेसहा तास गेले कुठे.

साडेपाचला आम्ही मुंबईच्या आकाशात पोचलो खरे, पण खाली उतरेचना. मुंबईच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच विमानं उतरू-चढू शकतात. रांग लागली की वरच घिरट्या! सहा वाजून पाच मिनिटांनी चाकं टेकली. मग दार उघडेपर्यंत दहा मिनिटं, आणि त्या लांबलचक मार्गिकांतून चालायला आणखी दहा. सहारचं हे नवं टर्मिनल २०१४ साली सुरू झालं. भिंतींवर देशभरातली कलाकुसर मांडली आहे. एरवी मी प्रत्येक नमुन्यापुढे थांबले असते, त्या दिवशी एकही पाहिला नाही. पासपोर्ट तपासणीच्या रांगेतून सुटायला सात वाजले. एकाच वेळी चार-पाच विमानं उतरली होती, दुसरं काय!

मग सामानाचा पट्टा. तो फिरतोय, फिरतोय. आमच्या तीन बॅगांपैकी दोन आल्या. तिसरी आलीच नाही! आणि नेमकी तीच, जिच्यात ह्यांचं धोतर आणि माझी पैठणी होती. विमान बदलताना ती मागेच राहिली होती. तिची तक्रार नोंदवायची, बॅगेचा रंग सांगायचा, पत्ता लिहून द्यायचा, यात अर्धा तास गेला. बाहेर येऊन गाडीत बसलो तेव्हा घड्याळात सव्वाआठ झाले होते. म्हणजे साडेपाचच्या विमानाने आम्ही प्रत्यक्षात सव्वाआठला मुंबईत आलो!

‘‘तरी काय झालं? अकरा-सव्वाअकराला पोचतोच की,’’ हे म्हणाले. पण तो शनिवार साधासुधा नव्हता. सोमवारी बुद्धपौर्णिमा, मंगळवारी महाराष्ट्र दिन. चार दिवसांची सुट्टी! मुलांना शाळा नाहीत, आंबे आलेले, आणि सगळी मुंबई लोणावळा-महाबळेश्वरला निघालेली. चेंबूर, मानखुर्द, वाशीच्या खाडीचा पूल इथपर्यंत गाडी पळाली. कळंबोलीला द्रुतगती मार्गाला लागलो तेव्हा मी देवाला हात जोडले. खालापूरचा टोलनाका आला आणि पुढे गाड्यांचा महापूर दिसला.

ड्रायव्हरदादा म्हणाले, ‘‘ताई, आपण खोपोलीतून जुन्या रस्त्याने चढू.’’ मला ती युक्ती फार हुशारीची वाटली. जुन्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. हा घाट इंग्रजांना एका धनगराने दाखवला आणि बक्षीस म्हणून त्याच्या वाट्याला गोळी आली, अशी दंतकथा आहे. येणारे-जाणारे ड्रायव्हर त्याच्यापुढे नाणं टाकतात. आम्हीही टाकलं. पण शिंग्रोबा तरी काय करणार! वर खंडाळ्याजवळ जुना रस्ता आणि नवा रस्ता काही अंतर एकच होतात. तिथे अमृतांजन पुलाखाली आम्ही पुन्हा त्याच गर्दीत येऊन उभे राहिलो. १८३० सालचा तो पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना पाडला. पण त्या दिवशी तो होता, आणि त्याच्या कमानीकडे बघत मी चाळीस मिनिटं काढली. फोन सारखा वाजत होता. पलीकडे कुणीतरी मोठ्याने ओरडून सांगत होतं, ‘‘मामा अजून घाटातच आहेत!’’

बारा दहाला आम्ही वाकडला होतो. मंगलाष्टकं आम्ही फोनवर ऐकली. ह्यांनी फोन कानाला लावून, मिटल्या डोळ्यांनी गाडीतच अक्षता टाकाव्यात तशी मूठ उघडली. कर्वे रस्त्यावरच्या कार्यालयात शिरलो तेव्हा बारा पस्तीस झाले होते. हार घालून झाले होते. मुलीला एका दूरच्या मामांनी नेलं होतं. ह्यांच्या अंगावर प्रवासाची चुरगळलेली पँट, माझ्या अंगावर पंजाबी ड्रेस. वन्सं काहीएक बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘‘आधी जेवून घ्या, दमला असाल.’’

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, हो की नाही?

पंचवीस मिनिटं. फक्त पंचवीस! पण मुहूर्त कुणासाठी थांबतो का?

पुढे कितीतरी दिवस मी विचार करत होते, की चुकलं कुठे. विमान फारसं उशिरा नव्हतं, ड्रायव्हर चांगला होता, अपघात नाही, काही नाही. मग एकदा पुरणपोळीच्या स्वयंपाकाला लागले असताना एकदम उमगलं. साडेबाराला पानं वाढायची असली, तर आपण हिशेब कसा करतो? शेवटाकडून मागे! साडेबाराला पानं, म्हणजे साडेदहाला पोळपाट मांडायला हवा, म्हणजे दहाला पुरण वाटून तयार, म्हणजे साडेआठला डाळ चुलीवर, आणि कणीक त्याच्या आधी भिजवलेली. ‘डाळ शिजली, आता वेळच वेळ आहे’ असं कुठलीही सुगरण म्हणत नाही. विमानाच्या बाबतीत मात्र मी नेमकं तेच म्हटलं होतं. विमान उतरणं म्हणजे नुसती डाळ शिजणं!

आता माझा उलटा हिशेब तुम्हीही वहीत लिहून ठेवा. मुहूर्ताच्या आधी एक तास आंघोळ, साडी, केस यांचा. त्याआधी चार तास रस्त्याचे. मुंबई-पुणे तीन तासांत होतं हे खरं, पण ते चांगल्या दिवशी. शनिवारी सकाळी, सुट्टीला जोडून किंवा पावसाळ्यात चारच धरा. त्याआधी दोन तास विमानतळाचे. आणि त्याआधी दोन तास विमानाच्या उशिराचे. झाले नऊ तास! बारा दहाच्या मुहूर्ताला विमान पहाटे तीन दहाच्या आत उतरायला हवं. साडेपाचच्या विमानाने आम्ही वेळेवर पोचलो असतो तर तोच चमत्कार झाला असता! नाशिकला किंवा कोल्हापूरला जायचं असेल तर रस्त्याचे तास बदला, बाकी हिशेब तोच. आणि लग्नाचंच कशाला, घरच्या कुणाची शस्त्रक्रिया असो, कोर्टाची तारीख असो, मुलाची मुलाखत असो, घड्याळ तसंच चालतं.

पण खरा शहाणपणा याच्याही पुढचा आहे. तो मला धाकट्या भाचीच्या लग्नाने शिकवला.

२०२५ साली तुळशीचं लग्न झालं आणि नोव्हेंबरातच धाकटीचा मुहूर्त निघाला, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांचा. आम्ही पुन्हा लेकीकडे! पण या वेळी मी आधीच बजावलं, ‘‘पूर्ण एक दिवस आधी उतरायचं. आणि विमान मधे बदलायचं नाही.’’ फ्रँकफर्टहून थेट मुंबईचं तिकीट काढलं. ह्यांना वाटलं, मी उगाच पैसे घालवतेय. ‘‘एक दिवस आधी जाऊन काय करणार?’’ म्हणाले. मी म्हटलं, ‘‘झोपणार!’’

आणि काय सांगू, निघायच्या दिवशी ते विमानच रद्द झालं! दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळाली. म्हणजे लग्नाच्या दिवशीच, मध्यरात्री एक दहाला मुंबई. ह्यांचा चेहरा पडला. मीही हबकले. पण वहीतला हिशेब काढला: एक दहा ते अकरा सात, जवळजवळ दहा तास. नऊ हवेत, दहा आहेत! राखून ठेवलेला तो एक दिवस विमानाने खाल्ला होता, पण मुहूर्ताला धक्का लागला नव्हता. मैत्रिणींनो, तो दिवस विश्रांतीचा नसतोच. तो वाया घालवण्यासाठीच घ्यायचा असतो. तो वाया गेला नाही, तर झोप काढा आणि देवाचे आभार माना.

बाकीची तयारी काय होती, तेही सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे कपडे. ह्यांचं धोतर, उपरणं, माझी साडी, ब्लाऊज, परकर, दागिने, रोजची औषधं हे सगळं हातातल्या बॅगेत, आपल्याजवळ. ब्लाऊज विसरू नका. साडी कुणाचीही नेसता येते, ब्लाऊज येत नाही! मोठ्या बॅगा आम्ही लेकीकडेच ठेवल्या. ती नाताळच्या सुट्टीत येणार होती, तिच्याबरोबर आल्या. त्यामुळे सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहावंच लागलं नाही. सोनंनाणं बरोबर असेल तर मात्र कस्टम्सचे चालू नियम निघण्याआधी वाचा, पावत्या जवळ ठेवा, आणि सांगण्यासारखं काही असेल तर निमूट लाल मार्गाने जा. हिरव्या मार्गाने जाऊन पकडलं गेलं, की मग कुठला मुहूर्त आणि कुठलं काय!

दुसरी गोष्ट पासपोर्टच्या रांगेची. सरकारने २०२४ च्या जूनमध्ये दिल्लीला आणि २०२५ च्या जानेवारीपासून मुंबईसह आणखी काही विमानतळांवर ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’ची सोय केली. भारतीय पासपोर्टवाल्यांना आणि ओसीआय कार्ड असणाऱ्यांना ती घेता येते. ऑनलाइन अर्ज करायचा, बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो द्यायचा. मग यंत्राच्या फाटकातून झटकन बाहेर. आम्ही जायच्या आधीच हे करून ठेवलं होतं. माझं वय बघून लेक म्हणाली होती, ‘‘आई, तुला जमेल का?’’ जमलं बरं का!

तिसरी गोष्ट तारखेची. रात्री बारानंतर उतरणाऱ्या विमानाची तारीख दुसऱ्या दिवशीची असते. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा ‘बारा तारखेला रात्री पाऊण वाजता’ येणार होता. काकूंनी बारा तारखेची रात्र म्हणून गाडी पाठवली. तोवर पोरगा एक अख्खा दिवस आधी येऊन, टॅक्सी करून घरी झोपला होता! म्हणून ‘अकराची रात्र संपून बारा तारीख लागल्यावर’ असं फोडून सांगा. गाडीवाल्याकडून ते परत म्हणवून घ्या.

चौथी गोष्ट, गाडी. विमान उतरल्यावर गाडी शोधू नका. पुण्याच्या आमच्या ओळखीच्या ड्रायव्हरदादांना मी आधी विचारलं, ‘‘तुम्ही दुपारी झोपून येणार ना?’’ रात्रीच्या घाटात झोपाळलेल्या डोळ्यांची गाडी नको, उशीर परवडला. आपला भारतातला फोननंबर रिचार्ज करून चालू ठेवा. परदेशात महिनोन्‌महिने राहिलं की तो बंद पडतो, आणि मग ओटीपी येत नाही, टॅक्सी मागवता येत नाही. पाचशे-हजार रुपये रोख पर्समध्ये असू द्या.

आगगाडीचाही विचार करून ठेवला होता. मुंबईची भूमिगत मेट्रो, आरेपासून कफ परेडपर्यंतची, २०२५ च्या ऑक्टोबरात पुरी झाली. विमानतळाच्या टर्मिनलपाशीच तिचं स्थानक आहे, आणि ती दादर, सीएसएमटीला नेऊन सोडते. मुंबईतच कार्य असेल तर यासारखी सोय नाही. पुण्याला जायचं तर दादरहून सकाळची डेक्कन एक्सप्रेस. पण मेट्रो रात्रभर चालत नाही, हे ध्यानात ठेवा. आणि १९३० पासून धावणारी आपली लाडकी दख्खनची राणी या कामाची नाही. ती सकाळी पुण्याहून येते आणि संध्याकाळी परत जाते! मुंबईला किंवा दिल्लीला उतरून पुढे विमानानेच पुण्याला जायचं म्हटलं, तर पासपोर्ट आणि कस्टम्स बहुधा पहिल्याच विमानतळावर करावे लागतात, सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं. नवी मुंबईचा विमानतळही २०२५ च्या २५ डिसेंबरला सुरू झाला आहे. सुरुवात देशातल्या देशात जाणाऱ्या विमानांनी झाली. तिकीट काढताना आपलं विमान कुठे उतरणार, ते नीट वाचून घ्या.

आणि पाचवी गोष्ट सगळ्यांत अवघड. फ्रँकफर्टहून निघताना ह्यांनी स्वतः वन्संना फोन केला. म्हणाले, ‘‘ताई, आम्ही वेळेत येऊ असा हिशेब आहे. पण दहापर्यंत कार्यालयात दिसलो नाही, तर माझी वाट बघू नकोस. त्या दुसऱ्या मामांना आधीच सांगून ठेव, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको.’’ हे बोलताना त्यांचा आवाज जरा जड झाला. पण मला वाटतं, मागच्या खेपेला आम्ही उशिरा आलो त्यापेक्षा, ‘येतोच, येतोच’ म्हणत सगळ्यांना टांगून ठेवलं, हेच वन्संना जास्त लागलं होतं. आपण अडकलो तर कार्य अडू नये, एवढी तरी सोय पाहुण्याने करावी.

विमान वेळेवर उतरलं. दोन वाजता आम्ही बाहेर होतो. घाटात मालट्रकांची रांग होती, पण ती हलत होती. आणि सव्वापाचला, कार्यालयाच्या अंगणात रांगोळी सुरू असताना, आमची गाडी फाटकाशी उभी राहिली. वन्सं हातात तांब्या घेऊन बाहेर येत होत्या. ह्यांना बघून त्या तशाच थबकल्या. ‘‘इतक्या लवकर?’’ एवढंच म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत आत चहा टाकायला सांगायला गेल्या.

ह्यांनी दोन तास झोप काढली. नवापासून धोतर नेसून, उपरणं सावरून, गौरीहराच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले ते उठेचनात. चहाला बोलावलं तरी नाही. ‘‘गुरुजी कधी पुकारतील, सांगता येत नाही,’’ म्हणे!

गुरुजींनी पुकारलं, ‘‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे.’’ हे उठले. धाकटीचा हात धरला. मागे करवली म्हणून मोठी उभी होती, हातात दिवा घेऊन. ती हळूच पुढे झाली आणि म्हणाली, ‘‘मामा, तुमचा दुसरा हात रिकामा आहे. माझ्या वेळची बाकी आहे तुमच्याकडे.’’

ह्यांनी काही न बोलता तिचाही हात धरला. तिने दिवा दुसऱ्या हातात घेतला, आणि तिघंही बोहल्याकडे निघाली. अकरा वाजायला अजून पाच मिनिटं होती.